गोदू रडत नाही

केतकीनं आजवर समुद्र पाहिला नव्हता, पण जहाजं रिकामी करण्यात तिचा हात धरणारं हॉलमध्ये कुणी नव्हतं. कराडच्या बसस्टँडमागे पूर्वी एक मंगल कार्यालय होतं. तिच्या मावसबहिणीचं लग्न तिथंच लागलं होतं. आता बोहल्याच्या जागी मोठाले पडदे होते, पंगतीच्या जागी खुर्च्यांच्या रांगा, आणि त्या खुर्च्यांवर बसून चाळीसेक माणसं दूर कोकणातल्या बंदरातल्या क्रेन चालवत होती. वाऱ्यानं कंटेनर किती झुलतोय, जहाज भरतीनं किती वर आलंय, सगळं कराडात बसून कळायचं. खारा वास तेवढा यायचा नाही.

हे काम ती चष्म्यावरच शिकली होती. पडदा बघायचा, कांडी फिरवायची. मग डोक्यात घालायचे टोप आले. टोपाच्या आत दोन्ही डोळ्यांसमोर एकेक न दिसणारा किरण असे. बाहुली जिकडे वळेल तिकडे क्रेनचा हूक झुके; हात फक्त धरायला आणि सोडायला. काम दुप्पट वेगानं होऊ लागलं. पण मध्ये चष्म्याची काच आली की तो किरण फाकायचा, आणि दिवसा घालायच्या कॉन्टॅक्ट लेन्सवरून घसरायचा. टोपाला उघडा डोळा लागत होता. ज्यांना टोप चालणार नाही त्यांना नंबरांवर बसवणार, असं वरिष्ठ दरेकर सरांनी सांगून टाकलं. नंबरांवर बसणं म्हणजे पडद्यावरून सरकणाऱ्या कंटेनरचे आकडे जुळतात का ते बघत राहणं. ते कामही यंत्राच्या घशात कधी जाईल याचा नेम नव्हता.

केतकीच्या चष्म्याचा नंबर मायनस सात होता. सहाव्या वर्षी नाकावर बसलेला चष्मा आंघोळ आणि झोप सोडली तर कधी उतरला नव्हता. कॉर्निया पातळ, म्हणून लेझरचं ऑपरेशन कुणी करायला तयार होईना. उरल्या रात्रीच्या लेन्स.

डॉक्टर शिरीन बागवान समजावून सांगण्यात वाकबगार होत्या. त्यांनी टेबलावरचा काचेचा डोळा उघडला आणि पुढच्या पारदर्शक पडद्यावर बोट ठेवलं. हा कॉर्निया. तुमचा डोळा लांबट आहे, म्हणून बाहेरचा प्रकाश मागच्या पडद्यावर पोचायच्या आधीच गोळा होतो आणि लांबचं सगळं पुसट दिसतं. ही कडक लेन्स झोपताना घालायची. ती कॉर्नियाला टेकत नाही. मध्ये अश्रूंचा अगदी पातळ थर असतो, आणि तोच थर रात्रभर मधल्या पेशींना हळूहळू कडेला सारतो. कणकेच्या गोळ्यावर तळहात ठेवावा तसं. सकाळी लेन्स काढली की मधला भाग चपटा झालेला असतो, प्रकाश बरोबर जागी पडतो, दिवसभर चष्मा नाही. पूर्वी हे थोड्या नंबरापुरतंच जमायचं. नव्या लेन्सची आतली बाजू मात्र डोळा बंद असताना आपला बाक स्वतःच बदलत जाते, म्हणून मायनस सातही उतरतो. घालणं सोडलं की पेशी जागेवर येतात, आणि आठ-दहा दिवसांत डोळा जसा होता तसा होतो.

अट एकच. डोळे सलग सात तास बंद पाहिजेत. मध्ये उघडले, अंधारात धडपडत चाललं, तर अर्धवट बाक घेतलेली लेन्स सरकते, खळगा भलत्या जागी पडतो आणि दुसऱ्या दिवशी एका दिव्याचे दोन दिवे दिसतात. वरचेवर असं झालं तर जखम.

"घरी लहान कोण आहे?" डॉक्टरांनी विचारलं.

"मुलगी. नुकतं वर्ष झालं."

"रात्री उठते?"

"दोनदा. दात येत असले की जास्त. अंगावर पिते अजून."

डॉक्टरांनी काचेचा डोळा मिटून ठेवला. "मग आधी घरी बोला. लेन्स मी पुढच्या महिन्यातही देऊ शकते."

घरी बोलणं दोन आठवडे चाललं, पण तुकड्यातुकड्यानं. पोळ्या लाटता लाटता, कपडे वाळत घालता घालता. नवरा मल्हार बॅटरी बदलण्याच्या केंद्रावर कामाला होता. तो पहिल्यापासून घाल म्हणत होता. रात्री मी उठतो, त्यात काय एवढं, बापानं उठू नये असं कुठं आहे, असं त्यानं शेजारच्यांसमोरही सांगितलं.  शेजारीण गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, "तू लहानपणी रडायचास ना, तेव्हा तुझे बाबा उशी घेऊन गच्चीवर जायचे. बघू तू कुठवर जातोस."

सासूबाईंनी उभी हयात अंगणवाडीत काढली होती. गावातली दोन पिढ्यांची पोरं त्यांनी गप्प केली होती, आणि त्यातली कितीतरी आता मिशा फुटून वाटेत त्यांच्या पाया पडत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. नोकरी सोडायची नसेल तर डोळे करून घे. पोराचं मी बघते.

केतकीला नोकरी हवी होती, हे खरं. पण आणखी एक गोष्ट होती, जी तिनं कुणाला सांगितली नाही. गोदू जन्मली तेव्हा नर्सनं चष्मा काढून बाजूला ठेवला होता. लेक छातीवर आली ती धुक्यातल्या दिव्यासारखी. गुलाबी, ऊबदार आणि कडा नसलेली. लोक म्हणत, नाक तुझंच आहे हो. तिनं ते नाक पाहिलं तासाभरानं, काचेतून. जुनी नावं पुन्हा चालू झाली होती म्हणून पणजीचं गोदावरी नाव ठेवलं, त्याचं गोदू झालं, आणि रोज पहाटे गोदू कुशीत वळवळायला लागली की केतकी आधी उशाशी चष्मा चाचपायची. चष्मा सापडेपर्यंत गोदू हसून झालेली असायची. सकाळी डोळे उघडावेत आणि समोर ते हसू असावं, मधे काही नसावं, एवढंच तिला वाटे. हे कारण फार लाडिक वाटलं असतं, म्हणून ती दरेकर सर आणि टोप यांचंच बोलत राहिली.

शेवटी लेन्स आल्या. डबीसकट. सकाळी काढून डबीत ठेवल्या की डबीवर हिरवा ठिपका लागे. रात्री डोळे उघडले असतील तर नारिंगी. हॉलच्या दारात डबीचा ठिपका दाखवावा लागे. नारिंगीवाल्याला त्या दिवशी टोप मिळत नसे.

पहिले चार दिवस नारिंगी. गोदू हुंकारली की केतकी उठायच्या आत उठलेली असायची. अंगच तसं होतं. डॉक्टर म्हणाल्या, झोपायची जागा बदला. मग गोदूचं अंथरूण सासूबाईंच्या खोलीत गेलं, बोळातून पलीकडे. केतकीचं दूध मात्र आवाजावर धावायचं. भिंतीपलीकडे गोदू कण्हली तरी गाऊन भिजायचा. म्हणून रात्रीचं दूध तोडलं. सासूबाईंनी वाटी-चमचा धरला, आणि केतकीनं आठवडाभर न्हाणीघरात जाऊन दूध पिळून टाकलं. मग कानात घालायची मऊ बोंडं आणली.

बोंडं घातली त्याच्या दुसऱ्या सकाळी पहिल्यांदा ठिपका हिरवा लागला.

ती सकाळ ती विसरणार नव्हती. लेन्स काढून मागे वळली तर समोरच्या इमारतीवरच्या टाकीवरचं नाव वाचता आलं. पंख्याच्या पात्यावरची धूळ दिसली. ती पळतच बोळातून गेली. गोदू सासूबाईंच्या मांडीवर बसून पेजेचा चमचा चावत होती. केतकीनं दारातूनच पाहिलं. एवढ्या लांबून तिला लेकीच्या पापण्या वेगवेगळ्या दिसल्या, कानाच्या पाळीवरची लव दिसली. ती दाराला धरून रडली आणि सासूबाई म्हणाल्या, आता डोळे धुपवू नकोस, महागाचे आहेत.

गोदूला संध्याकाळचं तेल लावणंही गेलं. बोटांना तेलाचा अंश राहिला तर लेन्स धूसर होते, चिकटते. दिवेलागणीनंतर केतकीनं तेलाला, काजळाला, दुधावरच्या सायीला हात लावायचा नाही असं ठरलं. जेवणं झाली की ती बेसिनशी उभी राहून मनगटापर्यंत साबण लावी. बिनवासाचा, औषधी साबण, तरी त्याला स्वतःचा एक वास होताच. नळ बराच वेळ चालू राही. मग हात कोरडे करून, कशालाही न शिवता, ती खोलीत जाई. गोदू सुरुवातीला मागे यायची. पायाला मिठी मारायची. हात तर लावता यायचा नाही. केतकी कोपरानं तिला थोपटायची आणि मल्हारला हाक मारायची.

सकाळी ती विचारायची, रात्री उठली होती का. मल्हार म्हणायचा, तू निवांत झोप. हे काही उत्तर नव्हे, हे तिला कळायचं. डबीवर हिरवा ठिपका असायचा, बसची वेळ झालेली असायची, आणि ती दुसऱ्यांदा विचारायची नाही.

हॉलमध्ये तिचं नाव झालं. टोप घातलेली केतकी बघायला दुसऱ्या पाळीची पोरं थांबत. वादळी वाऱ्यात, सगळ्या क्रेन थांबलेल्या असताना, तिनं औषधांचे दोन कंटेनर नजरेच्या धाग्यानं ओढून आणावेत तसे धक्क्यावर टेकवले. दरेकर सर कुणाला शाबासकी देत नसत. त्यांनी तिला सर्वांत मोठी क्रेन दिली. घरी पेढे आले. त्याच दिवशी शेजारीण सासूबाईंना म्हणाली की तुमच्याकडे लहान मूल आहे हे खरंच वाटत नाही, रात्रीचा आवाज म्हणून नाही. सासूबाईंचा चेहरा फुलला. गुणी आहे हो पोर, म्हणाल्या. शहाणी आहे. केतकीलाही ते ऐकून बरं वाटलं. आपल्यावाचून काही अडलं नाही, उलट पोर शहाणं झालं, याचं तिला हायसं वाटलं, आणि त्या हायसं वाटण्यात एक बारीक कुसळ होतं, ते तिनं काढून पाहिलं नाही.

गोदू दीड वर्षाची झाली तेव्हा इंजेक्शनसाठी केतकीनं सुट्टी काढली. दवाखान्याच्या बाहेर बाकावर आयांची रांग होती. आत गेलेलं प्रत्येक पोर किंचाळत बाहेर येत होतं, आणि बाहेरची पोरं त्याला बघून आधीच सूर लावत होती. गोदू मांडीवर बसून हे सगळं पाहत होती. केतकी तिला सांगत राहिली, मुंगी चावल्यासारखं होईल, थोडं रडायचं, मग आपण फुगा घेऊ.

सिस्टरनं मांडी धरली. सुई आत गेली. गोदूचं तोंड उघडलं, पूर्ण उघडलं, जिभेच्या मागचा लाल पडदा दिसेपर्यंत. चेहरा आवळला, मान ताठली, डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. आवाज आला नाही. केतकीला वाटलं श्वास अडकला. तिनं पाठ चोळली, गालावर थोपटलं. गोदूनं श्वास घेतला, व्यवस्थित, नाकानं. मग ओठ मिटले आणि एक बोट ओठांवर ठेवलं.

"शू," ती कुजबुजली. "आई डोळे. शू."

सिस्टर हसली. म्हणाली, अशी शहाणी मुलगी आज पहिलीच. बाहेरच्या आयांनाही तिनं हाक मारून सांगितलं की बघा, ही बघा, रडली का.

केतकीला लेकीचा चेहरा अगदी स्पष्ट दिसत होता. गालावरून ओघळणाऱ्या पाण्याच्या शेजारी, डोळ्याच्या कोपऱ्यातून कानाकडे गेलेली एक पांढरट, सुकलेली रेघ होती. निजून रडलेल्या माणसाची असते तशी. ती आजची नव्हती, सकाळी पुसायची राहिलेली होती.

घरी आल्यावर तिनं गोदूला खेळायला बसवलं, आणि स्वयंपाकघरात जाऊन सासूबाईंना विचारलं. सासूबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी लपवायचा प्रयत्न केला नाही, कारण त्यात लपवण्यासारखं त्यांना काही वाटलं नव्हतं. पहिल्या रात्री पोर उठलं आणि सरळ तुझ्या दारावर थापा मारायला लागलं, त्यांनी सांगितलं. तुझ्या कानात बोंडं. मी तिला उचललं, म्हटलं, शू, आईचे डोळे झोपलेत, आपण रडलो तर आईचे डोळे मोडतील. तेवढ्यानं भागलं नाही. पण रोज सांगितलं. तीन आठवड्यांत शिकली. अंगणवाडीतली पोरं याहून जास्त वेळ घ्यायची.

"उठायची बंद झाली, की रडायची?"

सासूबाईंचा हात भाजीवर थांबला. "उठते की. पडून राहते. मी कूस बदलली की दिसते मला, टक्क जागी. हाक नाही मारत." मग जरा चिडून म्हणाल्या, "मग काय करायचं होतं मी? तुला उठवायचं होतं?"

संध्याकाळी मल्हार आला. तो सुरुवातीला महिनाभर उठला होता, हेही खरं निघालं. मग त्याची पाळी बदलली आणि आईनं सांगितलं की तू झोप, माझं ती ऐकते. दारावरच्या थापा त्यानंही ऐकल्या होत्या. केतकीनं त्याला विचारलं की मग मला का नाही सांगितलंस. तो बराच वेळ बुटाची नाडी सोडत बसला.

"सांगितलं असतं तर तू डोळे उघडले असतेस," तो म्हणाला. "आणि तू तरी कधी नीट विचारलंस? रोज सकाळी डबी आधी बघायचीस, मग मला विचारायचीस."

 भांडण करायला निदान एक बाजू तरी आपली असावी लागते. तिला स्वतःची बाजू कुठे सुरू होते तेच सापडेना.

त्या रात्री लेन्स डबीत राहिल्या. नंतरच्याही. मल्हार म्हणाला, मग एवढं सगळं केलं ते कशासाठी. आता तर पोर शिकलीय, आता सोडून काय मिळणार. त्याचं म्हणणं हिशेबात चूक नव्हतं, आणि म्हणूनच ते तिला सहन झालं नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे डोळा परतू लागला. आधी टाकीवरचं नाव गेलं, मग टाकी. टोपानं तिला नाकारलं. दरेकर सरांनी मोठी क्रेन एका नव्या पोराला दिली आणि तिला मागच्या रांगेत, नंबरांवर बसवलं. तिच्या आईचा साताऱ्याहून फोन आला की असं कुणी हातचं सोडतं का. आमच्या वेळी तर पोरं रडून रडून आपोआप गप्प व्हायची. केतकीनं फोन ठेवला.

गोदूचं अंथरूण पुन्हा तिच्या कुशीत आलं. केतकी जागी राहायचा प्रयत्न करायची, डुलकी लागली की दचकून उठायची, चष्मा चाचपून लावायची. कधी गोदू झोपलेली असायची. कधी डोळे उघडे असायचे, छताकडे. केतकी म्हणायची, "रड ना गं. आईचे डोळे जागे आहेत बघ. रड." गोदू तिच्याकडे बघायची, जरा वेळ, नवीन माणसाकडे बघावं तशी, आणि मग ते बोट ओठांवर जायचं. झोप लागताना ती नकळत सरकत सरकत भिंतीकडे जायची, सासूबाईंच्या खोलीच्या बाजूला.

तेल लावायला केतकीनं पुन्हा सुरुवात केली. गोदू लावून घ्यायची, अंग सैल सोडून, तक्रार न करता. सासूबाईंच्या हातून लावून घेताना मात्र ती पाय झाडायची, तेलाची वाटी उपडी करायची. अंगणात ती पडली, ओठ फुटला. उठून तिनं आजूबाजूला पाहिलं, कुणाला दिसलं का ते, आणि रक्त गिळत चालायला लागली. खिडकीतून केतकीनं पाहिलं; चष्मा होता म्हणून दिसलं. डॉक्टर बागवानांकडे ती एकदा जाऊन आली. डॉक्टरांनी डोळे तपासले आणि म्हणाल्या, उत्तम, काही खूण राहिली नाही. केतकी म्हणाली, मुलीचं विचारायचं होतं. डॉक्टर म्हणाल्या, ते माझ्या शास्त्रात नाही हो.

श्रावणातली एक संध्याकाळ होती. दिवसभर आकड्यांकडे बघून केतकीचे डोळे चुरचुरत होते. गोदू बोळाच्या तोंडाशी फरशीवर बसून एका वाटीत दुसरी वाटी घालत होती, आणि स्वतःशी काहीतरी गुणगुणत होती. किती दिवसांनी ती गुणगुणत होती. केतकीनं चष्मा काढून आरशाखालच्या फळीवर ठेवला, नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारलं. घाम आणि धूळ जावी म्हणून साबण घेतला. हाताला लागला तो लेन्सच्या वेळचा, औषधी साबणाचा उरलेला तुकडा होता.

गुणगुणणं थांबलं.

वाट्या एकात एक ठेवल्याचा आवाज आला, हळू, न आदळता. केतकीनं फेसाळलेला चेहरा वर केला. बोळात एक लालसर, कडा नसलेला ठिपका उभा राहिला होता आणि सासूबाईंच्या खोलीकडे चालायला लागला होता.

"गोदू, अगं नाही," ती म्हणाली. "आई नुसतं तोंड धुतेय. झोपायचं नाहीये. ये इकडे."

ठिपका चालत राहिला. केतकीनं फळीवर हात मारला. ओल्या बोटांतून चष्मा निसटला आणि बेसिनमध्ये पडला. तो फेसातून शोधताना तिनं पुन्हा हाक मारली, आणि या वेळी तिचा आवाज तिला स्वतःलाच मोठा वाटला.

खोलीच्या दाराशी गोदू थांबली. तिनं मागे वळून पाहिलं की नाही, ते केतकीला दिसलं नाही.